हाताचा कंप : रोगाचा की औषधाचा?
कंपलेखन तपासणीची ओळख

आमच्या रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात येणाऱ्या वृद्ध रुग्णांपैकी अनेकांची तक्रार एका वाक्यात सामावलेली असते : "हात थरथरतो." कोणाच्या हातातील चहा बशीत सांडतो, कोणाची सही बँकेतील नमुन्याशी जुळत नाही, कोणी चारचौघांत जेवायला बसणेच टाळू लागतो. सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनात मात्र एकच भीती असते. हा कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार तर नव्हे? तो असेल तर औषधे आयुष्यभर घ्यावी लागणार, हे त्यांनी कोठेतरी ऐकलेले असते.

या भीतीला उत्तर देण्यापूर्वी आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : रुग्ण सध्या कोणकोणती औषधे घेत आहे? कारण प्रत्येक कंप हा कंपवात नसतो आणि काही कंप आजारातून नव्हे, तर दुसऱ्याच आजारावर दिलेल्या औषधातून उद्भवतात. हा भेद वेळीच ओळखला गेला तर अनेक रुग्णांचा हात पुन्हा स्थिर होऊ शकतो. ओळखला गेला नाही तर औषधामुळे झालेल्या विकारावर आणखी एक औषध सुरू होते. हा भेद करण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या कंपलेखन या तपासणीची माहिती आमचे दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

कंप म्हणजे काय?

शरीराचा एखादा भाग ठरावीक लयीत, आपल्या इच्छेविरुद्ध मागेपुढे हलत राहणे म्हणजे कंप. पूर्णपणे निरोगी माणसाच्या हातातही तो असतो. हात समोर पसरून बोटांवर पातळ कागद ठेवल्यास कागदाची कड हलताना दिसते. हा नैसर्गिक कंप सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होतो आणि इतका सूक्ष्म असतो की एरवी जाणवत नाही. भीती, थकवा, अतिरिक्त चहा-कॉफी, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव आणि काही औषधे यांमुळे हाच कंप वाढून डोळ्यांना दिसू लागतो.

कंपवाताचा कंप वेगळा. हात मांडीवर विसावलेला असताना तो प्रामुख्याने दिसतो, सहसा एका बाजूने सुरू होतो आणि त्याची गती सेकंदाला ४ ते ६ आवर्तने एवढी असते. लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांचेच नाव आजाराला मिळाले.

तिसरा प्रकार 'इसेन्शियल ट्रेमर' या नावाने ओळखला जातो. अनेक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. येथे हात विसावलेला असताना शांत असतो; पण पेला उचलताना, लिहिताना, सुईत दोरा ओवताना थरथरतो. लहान मेंदूच्या विकारात याहून संथ कंप दिसतो आणि हात लक्ष्याच्या जवळ पोहोचताना तो वाढत जातो.

हे प्रकार कागदावर स्पष्ट दिसतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. जागतिक तज्ज्ञांनी १९९८ साली कंपांचे एकमताने वर्गीकरण केले आणि २०१८ साली ते सुधारले. सुधारित मसुद्याचे प्रमुख लेखक डॉ. कैलाश भाटिया हे मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे लंडन येथे कार्यरत झाले, याचा येथे आवर्जून उल्लेख करावासा वाटतो. या वर्गीकरणाने दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत : कंप कसा दिसतो आणि तो कशामुळे होतो. औषधजन्य कंपाच्या बाबतीत ही विभागणी विशेष महत्त्वाची आहे. कारण औषध वरीलपैकी जवळजवळ कोणत्याही कंपाचे सोंग घेऊ शकते.

औषधे कंप कसा निर्माण करतात?

सोयीसाठी त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट नैसर्गिक कंप वाढवणाऱ्या औषधांचा. दम्यावरील साल्ब्युटामॉल व थिओफिलीन, थायरॉइडच्या गोळीची अधिक झालेली मात्रा, नैराश्यावरील काही औषधे आणि लिथियम ही त्याची उदाहरणे होत. फिट्सच्या आजारावरील व्हाल्प्रोएट आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस यांनीही हात पसरल्यावर किंवा काम करताना कंप येतो.

दुसरा गट मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यात अडथळा आणणाऱ्या औषधांचा. यांमुळे कंपवातासारखीच लक्षणे उमटतात : विसाव्यातील कंप, हालचालींतील मंदपणा, ताठरपणा, भावशून्य चेहरा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही मानसिक आजारांवरील औषधे यात आहेतच. परंतु कुटुंबीयांना अनपेक्षित वाटावीत अशी नावेही आहेत. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवरील सिनारिझिन, अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन आणि पोटातील वाताच्या तक्रारीवर दिले जाणारे लेव्होसल्पिराइड ही ती नावे. शेवटचे औषध अनेकदा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये असते. रुग्ण म्हणतो, "मी फक्त ॲसिडिटीची गोळी घेतो," आणि ते त्याच्या परीने खरेच असते.

तिसरा गट लहान मेंदूवर परिणाम करणाऱ्या औषधांचा. फेनिटॉइनची मात्रा रक्तात वाढली तर तोल जातो, बोलणे जड होते, हात थरथरतो. लिथियमची मात्रा धोकादायक पातळीवर गेल्यासही असेच घडते.

औषधातून कंपवात उद्भवतो या निरीक्षणाने वैद्यकशास्त्राला मोठी देणगी दिली आहे, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिनमुळे निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचे महत्त्व त्यातून उलगडत गेले व आज कंपवाताच्या उपचाराचा कणा असलेले लेव्होडोपा रुग्णांपर्यंत पोहोचले. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत मिळाले.

या देणगीला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मेटोक्लोप्रामाइड घेणाऱ्या वृद्धांमध्ये लेव्होडोपा सुरू केले जाण्याचे प्रमाण ते न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे उलटीच्या गोळीने निर्माण केलेला विकार खरा कंपवात समजला जाण्याची आणि त्यावर नवे औषध दिले जाण्याची शक्यता उघड झाली. ही साखळी तोडणे हेच या तपासणीमागील प्रयोजन आहे.

कंपलेखनाची पद्धत

कंप कागदावर उतरवण्याची कल्पना नवी नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकात डॉ. शार्को यांनी नाडीचा आलेख काढणारे उपकरण रुग्णाच्या मनगटावर बांधून विसाव्यातील आणि हालचालीतील कंप वेगळे दाखवले होते. आज तेच काम त्वरणमापक नावाची इवलीशी चकती करते. तिच्या आत सूक्ष्म स्प्रिंगसारख्या आधारावर एक अतिसूक्ष्म भार असतो. हात हलला की भार किंचित सरकतो आणि त्याची नोंद विद्युत संकेताच्या रूपाने होते. मोबाइल फोन आडवा केल्यावर चित्रही आडवे होते, ते याच प्रकारच्या चकतीमुळे.

तपासणीच्या वेळी ही चकती दोन्ही हातांच्या पाठीवर चिकटवतात. सेकंदाला १०० किंवा अधिक नोंदी घेतल्या जातात. गरजेनुसार स्नायूंतील विद्युत हालचालही त्वचेवरील पट्ट्यांद्वारे नोंदवतात. सुई टोचावी लागत नाही, वेदना होत नाही. रुग्णाला क्रमाने पुढील गोष्टी करावयास सांगितल्या जातात : हात मांडीवर विसावून शांत बसणे, तसेच बसून १०० पासून सात-सात वजा करत जाणे, दोन्ही हात समोर पसरणे, हातावर सुमारे अर्धा किलो वजन बांधून पुन्हा तेच करणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे, आणि एका हाताने सांगितलेल्या तालावर टिचक्या मारत दुसरा हात पसरून ठेवणे.

मिळालेली नोंद प्रथम नुसती वेडीवाकडी रेघ दिसते. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी गणिती पद्धत तिच्यातील लयी वेगळ्या करते. तंबोऱ्याच्या एकत्रित नादातून जाणकार कान जसा प्रत्येक तारेचा स्वर वेगळा ओळखतो, तसेच हे आहे. शेवटी एक आलेख मिळतो आणि त्यात सेकंदाला अमुक आवर्तनांवर एक शिखर दिसते. हाताच्या कंपाचा तो मूळ स्वर होय.

आलेख काय सांगतो?

पहिली गोष्ट गतीची. ५ आवर्तनांवरील शिखर आणि १० आवर्तनांवरील शिखर यांचा अर्थ वेगळा. डोळ्यांना दोन्ही केवळ "थरथर" म्हणून दिसू शकतात.

दुसरी गोष्ट वजनाच्या परिणामाची, आणि ती सर्वांत बोलकी आहे. लाकडी पट्टी टेबलाच्या कडेला दाबून टिचकी मारल्यास ती भरभर कापते. तिच्या टोकाला खोडरबर बांधले की तीच पट्टी संथ होते. वाढलेल्या नैसर्गिक कंपात हात असाच वागतो : वजन बांधताच शिखर सरकते, गती सेकंदाला एका आवर्तनाहून अधिक कमी होऊ शकते. कंपवात किंवा इसेन्शियल ट्रेमर यांत मात्र लय मेंदूतील यंत्रणा ठरवते. हाताला वजन बांधल्याने मेंदूतील घड्याळ बदलत नाही, म्हणून शिखर जवळपास जागच्या जागी राहते. दम्याच्या औषधाने थरथरणाऱ्या हाताला कंपवाताच्या हातापासून वेगळे करण्यास ही साधी क्रिया मोठा आधार देते.

तिसरी गोष्ट वेळेची. हात पसरताच इसेन्शियल ट्रेमर लगेच सुरू होतो. कंपवातात विसाव्यातील कंप हात उचलताना थांबतो आणि काही सेकंदांनी त्याच गतीने पुन्हा उगवतो. घाईच्या बाह्यरुग्ण तपासणीत ही स्तब्धता निसटू शकते. आलेखात ती सपाट रेघेच्या रूपाने टिकून राहते.

चौथी गोष्ट दोन्ही हातांच्या तुलनेची. कंपवात प्रायः एका बाजूला अधिक असतो, तर औषधजन्य विकार अनेकदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. शिवाय टिचकीच्या तालावर दुसऱ्या हाताचा कंप आपली लय सोडून तोच ताल धरू लागला, तर त्याचे कारण मज्जासंस्थेच्या कार्यात्मक विकारात शोधावे लागते. तेथे उपचारांची दिशाच निराळी असते.

मर्यादा

या तपासणीबद्दल अवास्तव अपेक्षा निर्माण होऊ नयेत, हेही आमचे कर्तव्य आहे. केवळ एका आलेखावरून "हा औषधाचा कंप" असा निकाल देता येत नाही. डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी होणारा कंप आणि खरा कंपवात यांची गती एकमेकींशी जुळते. औषधजन्य विकारही कधी एका बाजूला अधिक असतो. व्हाल्प्रोएटचा कंप इसेन्शियल ट्रेमरसारखाच दिसतो. कंपाची उंची तर एकाच दिवसात मनःस्थितीनुसार बदलते. गती त्या मानाने स्थिर असते, म्हणून आम्ही तिच्यावर अधिक भिस्त ठेवतो.

यास्तव आलेखाला नेहमी इतिहासाची जोड द्यावी लागते. औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली, कंप त्यानंतर किती आठवड्यांनी आला? वास घेण्याची शक्ती कमी झाली आहे काय? कंपवातात ती बरेचदा आधीच मंदावते. औषधजन्य विकारात सहसा शाबूत राहते. थायरॉइडची रक्ततपासणी आवश्यक असते. तरीही संदेह उरल्यास मेंदूतील डोपामिनवाहक पेशींचे चित्रण करता येते. ते औषधजन्य विकारात सर्वसाधारणपणे निर्दोष येते आणि खऱ्या कंपवातात सदोष.

सर्वांत विश्वासार्ह पुरावा काळच देतो. संशयित औषध संबंधित डॉक्टरांच्या संमतीने कमी केले किंवा बदलले जाते आणि ठरावीक अंतराने तपासणी पुन्हा केली जाते : त्याच वेळी, त्याच आसनात, चहा न घेता. कंपलेखनाचे खरे मोल येथे आहे. "थोडे बरे वाटते" या मोघम उत्तराऐवजी दोन आलेख शेजारी ठेवता येतात. दम्याच्या औषधाचा कंप काही तासांत ओसरतो. डोपामिन अडवणाऱ्या औषधाचा परिणाम जाण्यास काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. काही रुग्णांत तो पूर्णपणे जात नाही. अशा वेळी आधीच सुप्तावस्थेत असलेला कंपवात औषधाने उघडकीस आणला, असे मानावे लागते. ते सत्य कळणेही रुग्णाच्या हिताचेच असते. कारण मग लेव्होडोपा निःशंक मनाने सुरू करता येते.

कुटुंबीयांना विनंती

हा लेख वाचून कृपया कोणीही आपले किंवा घरातील व्यक्तीचे औषध परस्पर बंद करू नये. फिट्सचे औषध अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. प्रत्यारोपणानंतरचे औषध सोडल्यास अवयव गमावण्याची वेळ येते. मानसिक आजाराचे औषध तोडल्यास आजार उलटतो. अनेकदा औषध बंद करण्याची गरजही नसते. मात्रा किंचित घटवून, हळूहळू विरघळणारा प्रकार देऊन किंवा पर्यायी औषध निवडून कंप आटोक्यात येतो. कधी आजार इतका गंभीर असतो की थोडा कंप सहन करणेच शहाणपणाचे ठरते; तो निर्णय रुग्णाला समजावून सांगून घेतला जातो.

तपासणीस येताना घरातील औषधांचा डबाच उचलून आणावा. चालू गोळ्यांबरोबर मागील वर्षभरातील चिठ्ठ्या, दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, इनहेलर, काढे व चूर्णे यांचाही त्यात समावेश असावा. जुने हस्ताक्षर मिळाल्यास सोबत घ्यावे. कंपवातात अक्षर बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये ते मोठे व दातेरी होते आणि शिरोरेषेवर लाट उठते. मोबाइलवर चित्रण करताना फोन रुग्णाच्या हातात देऊ नये. फोनचे वजन कंप बदलते. दुसऱ्याने समोरून, हात मांडीवर असताना व पेला उचलताना असे दोन्ही चित्रण घ्यावे.

एक सूचना विशेष तातडीची. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीचा हात एकाएकी जोराने कापू लागला आणि सोबत उलट्या, जुलाब, झोकांड्या किंवा गुंगी असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे. कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यास किंवा काही वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास लिथियमची पातळी वाढते.

दाते व विश्वस्त यांच्यासाठी

मोठ्या चित्रण यंत्रांच्या तुलनेत कंपलेखनाचे साहित्य अल्प किमतीचे असते. या तपासणीत महाग आहे तो वेळ. एका रुग्णाचा औषधांचा डबा शांतपणे तपासणे, त्याला सहा प्रकारे हात धरावयास सांगणे, त्याच्या आधीच्या डॉक्टरांशी बोलणे आणि काही महिन्यांनी सारे पुन्हा करणे, यांसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ व डॉक्टर लागतात. आपल्या देणगीतून आम्ही मुख्यतः हा वेळ विकत घेतो आणि ज्याला तो परवडत नाही त्याच्या पदरात घालतो.

त्याचे फळ एखाद्या नव्या इमारतीप्रमाणे डोळ्यांत भरत नाही. एक अनावश्यक औषध बंद होते, एक चुकीचे निदान कागदावरून खोडले जाते, कोणाची तरी सही पुन्हा जुळू लागते. रुग्णसेवेचा बराचसा भाग अशाच लहान गोष्टींचा बनलेला असतो.